सगळं बंद हाय, असं मला सांगितलं

माझ्या चार पाट्या शेठनं सडक्या ढिगावर ओतायला लावल्या. सकाळपासून निवडलेला माल. कोरडा, टणक, एकेक कांद्याची मान अंगठ्यानं दाबून बघितलेला.

मी आंधळी आहे. ओतताना मला दिसलं नाही, ऐकू आलं. चांगला कांदा चांगल्यावर पडला की खडखडतो. सडक्यावर पडला की भद्दकन बसतो. चार वेळा भद्द झालं, तेव्हा कळलं की चारही पाट्या माझ्याच.

"हिचा माल वेगळा काढा रं," शेठ म्हणाला. त्याच्या तोंडावर रुमाल होता, आवाज दबून येत होता. "समद्याला चाचपती. नाकाला हात, तोंडाला हात, तेच हात मालाला. उद्या कुणाला काय झालं तर माझ्या नावानं बोंब व्हईल."

मी काय केलं होतं? खोकले होते. तीन वेळा. कांद्याच्या ढिगाशी बसून जो खोकत नाही असा एक माणूस मला आणून दाखवा. वाळलेली टरफलं, त्यावरची काळी बुरशी, तिची भुकटी नाकातोंडात जाते. ओळीत पंधरा बाया होत्या, पंधराजणी खोकत होत्या. शेठ स्वतः खोकत होता. पण त्यांना डोळे होते. त्यांचा खोकला धुळीचा. माझा तेवढा रोगाचा.

दोन हजार नऊचा पावसाळा. पुण्यात स्वाइन फ्लू आला होता. माणसं दगावली होती, तिकडच्या शाळा काही दिवस बंद ठेवल्या होत्या, रेडिओ लावला की दुसरं काही नाही. मंचरच्या बाजारातसुद्धा लोक तोंडं बांधून फिरायला लागले होते. उन्हाळी कांदा आमच्याकडं बराखीत भरून ठेवतात, म्हणजे हवा खेळेल अशा कुडाच्या लांबलचक खोपीत, आणि पावसाळ्यात बराख फोडली की निवडायला बाया लागतात. हायवेच्या कडेला शेठची शेड होती. तिथं आम्ही ओळीनं बसून मोठा, बारका, सडका असे तीन ढीग लावायचो. नऊ वर्षं मी त्या ओळीत बसत होते. वरून चांगला दिसणारा आणि आतून गेलेला कांदा डोळ्याला फसवतो, माझ्या अंगठ्याला फसवत नव्हता. हे शेठला माहीत होतं. पावण्यारावळ्यांना तो मला दाखवायचा, "बघा, आंधळी हाय पण काय हात हाय!" तेव्हा हात चांगला होता.

"ऊठ. घरी जा. बोलवल्याशिवाय यायचं नाय."

आणि मी उठले. आज सांगतानाही कानशिलं तापतात. मी उठले, पदर झटकला आणि कोपर धरायला शमीमभाभीच्या बाजूला हात पुढं केला.

शमीमभाभी आमच्याच गावची. डाव्या पायानं अधू, लहानपणीचा पोलिओ. रोज सकाळी ती मला घरातून टेम्पोपर्यंत न्यायची. तिला टेकायला माझा खांदा, मला वाट दाखवायला तिचं कोपर. पोरंटोरं ओरडायची, "लंगडी-आंधळीची गाडी सुटली!" भाभी म्हणायची, "वरडू दे मुडद्यांना. आपण दोघी मिळून एक धड बाई हाय, ह्यांच्यात तर तेवढीबी नाय." आणि आम्ही खिदळायचो.

त्या दिवशी मी हात पुढं केला, तर तिथं कोपर नव्हतं. भाभी होती. तिच्या काचेच्या बांगड्या वाजल्या. पाय ओढल्याचा आवाज झाला, मागं, माझ्यापासून लांब.

"भाभी?"

गप्प.

शेठनं फोन करून माझ्या भावाला बोलावलं. दादा मोटारसायकल घेऊन आला. मी मागं बसले, नेहमीसारखा त्याच्या खांद्यावर हात टाकला. त्यानं खांदा असा झटकला की मी पडता पडता राहिले.

"मला नको धरू. मागची कडी धर."

सख्खा भाऊ. एका आईच्या पोटचा.

घरी पोचेपर्यंत वैनीनं माझी वाकळ आणि ताट-तांब्या मागच्या छपरात नेऊन टाकला होता. शेळ्या होत्या तेव्हाचं ते छपर. शेळ्या विकल्या, आता लाकडं आणि गोवऱ्या. वास शेळ्यांचाच. वैनी दारातूनच बोलली. तोंडात साखर असते तिच्या, मला कधी 'तू' म्हणाली नाही.

"चार दिसांचं हाय वन्सं. वाईट नका वाटून घेऊ. सरकारनंच सांगितलंय, कुणी कुणात मिसळायचं नाय. समदं बंद हाय. कांद्याचं काम बंद, टेम्पो बंद. अख्खं गाव घरात बसलंय तुमच्यावानी."

"तू पण?"

"मी कुठं जातीय? घरातच हाय की."

मी विश्वास ठेवला. दुसरं करणार काय? डोळे असलेला माणूस उठून रस्त्यावर बघून येतो. मला जे सांगतील ते माझं जग. माझा रेडिओ दुसऱ्या दिवशी दादा घेऊन गेला, सेल संपलेत म्हणाला. आणतो म्हणाला. आणला नाही. छपराच्या मागं नुसता ऊस, वरून दिवसभर भुरभुर पाऊस, पत्र्यावर तडतड. रस्त्याचा आवाज तिथवर पोचत नव्हता. हे त्यांनी ठरवून केलं होतं का, तेव्हा माझ्या डोक्यात आलंच नाही.

उलट मला गावाची दया आली! ऐका ही गंमत. मी गोवऱ्यांना टेकून बसायचे आणि विचार करायचे, शमीमभाभी बिचारी एकटी असेल. तिला घरात आहे कोण? नवऱ्यानं सोडलेली, पाय तसला, पाणी कोण आणून देत असेल? त्या दिवशी लांब सरकली ती भीतीनं सरकली असेल, जाऊ दे. सगळेच एकटे आहेत, मी काय जगावेगळी नाही, असं म्हणून मी मनाची समजूत काढायचे. अठरा दिवस मी त्या समजुतीवर काढले.

एकटं असणं म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. पण हे निराळं होतं. तुम्ही माणूस बघता, म्हणजे तो चार हात लांब असला तरी तुमच्याजवळ असतो. माझ्याजवळ माणूस असतो तो हाताला लागला तर, नाहीतर बोलला तर. हात बंद झाले. बोलणंही बंद झालं. वैनी ताट ठेवायची, उंबऱ्यावरच्या दगडावर, आणि पळीनं दोनदा टकटक करायची. कोंबड्यांना दाणे टाकताना बाई निदान या या तरी म्हणते. मला टकटक. मी अंदाजानं रांगत जायचे, ताट सापडायचं, तोवर पावलं गेलेली.

एकदा मी ओरडून विचारलं, "वैनी, आज वार कोणता?"

कुणी बोललं नाही. पण मला कळत होतं, ती तिथंच उभी आहे. बाईच्या अंगाचा, लुगड्याचा, तव्याच्या धुराचा एक वास असतो, तो हलला नव्हता. नुसती उभी होती, मी बोलायची थांबावी म्हणून. आवाज केला नाही की ही आंधळी समजते इथं कोणी नाही, हे तिला पक्कं माहीत झालं होतं. मी वाराची नावं एकेक घेत बसले, सोमवार का, मंगळवार का, एखाद्याला तरी हूं म्हणेल. मग वास गेला.

मी रडले. कशाला खोटं बोलू. वाकळीत तोंड घालून रडले, आणि स्वतःच्याच एका हातानं दुसरा हात धरून बसले. कुणीतरी धरलाय असं वाटावं म्हणून. त्यानं काही वाटलं नाही.

मग पाण्याची गोष्ट झाली. तांब्या माझा फुटका, गळत होता. म्हटलं, वैनी, दुसरं भांडं दे. ती म्हणाली, "घरातलं भांडं परत घरात कसं घेऊ वन्सं? तुमी हात पुढं करा, मी वतते." मी उंबऱ्याशी उकिडवी बसले, ओंजळ केली. ती वरून ओतायला लागली. लांबून, उंचावरून. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, झंपर भिजला.

आणि माझे बाबा आठवले. आम्ही बौद्ध. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा बाबा अकरा वर्षांचे होते. त्याआधी गावात तहान लागली तर पाणी मागून उकिडवं बसायचं, ओंजळ करायची, वरचा वरून ओतणार, भांडं लागू देणार नाही, हे बाबा आम्हाला दहादा सांगायचे. सांगताना त्यांचा आवाज फाटायचा. दादा आणि मी एका वाकळीत बसून ऐकायचो. दादा मुठी आवळायचा. त्याच दादाच्या घरात, भिंतीवर ज्यांची तसबीर आहे त्यांच्या नावानं रोज उदबत्ती लागते त्या घरात, मी ओंजळ करून बसले होते.

मी ओंजळ मिटली. पाणी मातीत पडायला लागलं.

"काय झालं वन्सं? प्या की."

"नको. तांब्या गळका असला तरी चालंल. त्यात वत आणि जा."

"एवढं करून वर आमच्यावरच!" ती पुटपुटली. आणि खोकली.

तो खोकला ऐकून मी ताठ झाले. कोरडा, खरखरीत, दोन-दोनदा येणारा, शेवटी घशात खाज सुटल्यासारखा. नऊ वर्षं दिवसभर मी तोच खोकला ऐकला होता, तोच खोकले होते. घरात बसलेल्या बाईला तसा खोकला येत नाही. मी ताटाच्या कडेवरून बोट फिरवलं. काळी भुकटी. कागदासारखं बारीक टरफल भाकरीला चिकटलेलं. वास घेतला. घरात भाजीला चार कांदे असतात, त्याला असला वास नसतो. हा ढिगाचा वास होता, पाच-सहा महिने बराखीत कोंडून सडलेल्या मालाचा. धुतला तरी तीन-तीन दिवस हाताचा जात नाही.

"वैनी, कुठं गेलतीस?"

"कुठं जाणार बाई? समदं बंद हाय की."

पाय वाजले, गेली.

रात्री दादा लाकडं घ्यायला आला. मी विचारलं, "दादा, खरं सांग. काम चालू हाय ना? वैनी माझ्या जागंवर बसती ना?"

तो जागेवर थांबला. बोलेना. लाकडं हातात, श्वास जोरात.

"दादा, तू हायेस. मला ऐकू येतंय तुझं नाक."

त्यानं हळूच पाय उचलला. मग दुसरा. माझा भाऊ स्वतःच्या बहिणीपासून चोरासारखा पावलं न वाजवता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी निघाले. एक वेळूची काठी, चप्पल आणि कुडाला हात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिंपळ आहे, तिथं टेम्पो यायचा. मी पाराला टेकून उभी राहिले. थोड्या वेळानं बाया यायला लागल्या. हसत, बडबडत. कुणाची सून पळाली, कुणाच्या घरी गौरीला काय करायचं. म्हणजे गाव जसंच्या तसं होतं! कुणी कोंडलेलं नव्हतं, कुठं काही बंद नव्हतं. अख्ख्या गावात कोंडलेली एकच, मी. मी अठरा दिवस ज्यांची कीव करत बसले होते त्या ह्या, तोंडात तंबाखूची मिसरी घोळवत टेम्पोची वाट बघत होत्या.

त्यात वैनीचा आवाज होता. आणि तो पाय ओढल्याचा आवाज.

कुणाचं तरी माझ्याकडं लक्ष गेलं. "श्श्."

सगळं थांबलं. पंधरा बाया एकदम मुक्या. कुणी नाक ओढलं नाही, कुणाची बांगडी वाजली नाही. टेम्पो आला, त्यात कॅसेटवर हिंदी गाणं लागलेलं. एकेक करून चढल्या. फळी लागली. गेला.

मला त्या गप्प बसण्याची ओळख होती. मी स्वतः ते केलंय. लहानपणी मी आंधळ्या मुलींच्या शाळेत होते, वसतिगृहात, सातवीपर्यंत. तिथं एका मुलीला खरूज झाली. बाईंनी तिची खाट कोपऱ्यात टाकली. ती खोलीत आली की आम्ही वीसजणी श्वास धरायचो. आम्हा आंधळ्यांना लपायला पडदा लागत नाही, गप्प बसलं की माणूस नाहीसं होतं. ती विचारायची, "कोण हाय का गं?" कुणी बोलायचं नाही. हात पुढं करून ती खाटाखाटांना धडकत फिरायची आणि परत जायची. मग आम्ही हसायचो. मी सगळ्यात मोठ्यानं. तिचं नाव मला आठवत नाही, आणि नाव आठवत नाही याची लाज आज वाटते. तेव्हा वाटली नव्हती. पिंपळाच्या पाराला धरून उभी असताना पहिल्यांदा वाटली.

पण मी परत छपरात गेले नाही. ती मुलगी परत कोपऱ्यात जायची, म्हणून आमचं फावायचं.

टेम्पोनं मी हजारदा गेले होते, पायी एकदाही नाही. दोन वळणं, एक चढ, मग हायवे, मग डाव्या अंगाला शेड. एवढं अंगाला ठाऊक होतं. काठीनं डांबर आणि माती यांची शीव शोधत निघाले. हायवेवर आले. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जायचे, वाऱ्यानं पदर डोक्यावरून उडायचा. एक गाडीवाला ओरडला, "ए आंधळे, मरायचंय का?" मीही ओरडले, "नाय! कामाला चाललीय!" एका हॉटेलशी भज्यांच्या तेलाचा वास आला, तिथं विचारलं, "भाऊ, कांद्याची शेड कुठवर आली?" तो लांबूनच बोलला, "जा, जा पुढं, हिकडं येऊ नको." पुढं म्हणाला, तेवढं मला पुरलं. दोनदा रस्त्याकडच्या चारीत पडले. गुडघा फुटला. तिसऱ्यांदा पडले तेव्हा वास आला. तो, सडक्याचा. त्या वासानं एवढा आनंद कधी कुणाला झाला नसेल.

शेडमध्ये शिरले आणि परत तेच. सगळ्या गप्प. पण या वेळी एक अडचण होती त्यांची. हात चालू होते. कांदा उचलणं, टाकणं, खडखड, खडखड. गप्प बसता येतं, काम थांबवता येत नाही, शेठ पुढ्यात उभा. मला सगळी ओळ ऐकू येत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोण कुठं बसलंय ते.

"अगं! तुला कोणी आणलं?" शेठ.

"पायांनी आणलं."

"ए, लांब थांब. तिथंच. तुला सांगितलं व्हतं ना बोलवल्यावर ये म्हणून?"

"अठरा दिवस झाले शेठ. मला ताप नाय, सर्दी नाय. मी मेले पण नाय. माझी जागा द्या."

"तुझी जागा तुझ्या भावजयीनं घेतलीय. एकाच घरात हाय ना? मग तुझं काय गेलं?"

बघा. माझं काय गेलं!

मी भरलेल्या गोणींकडं गेले. त्यांची तोंडं शिवायची होती अजून. एका गोणीत कोपरापर्यंत हात घातला. शेठ ओरडला, "हात लावू नको मालाला!" मी काढत गेले. मान दाबायची, काढायचा, त्याच्या आवाजाच्या दिशेला टाकायचा. एक. दोन. पाच. आठ. वरून टणक, मानेत लोणी झालेले. आठवा त्याच्या पायाशी फुटला असावा, वास भपकन आला.

"ह्या गोणी पुढं जाऊन पाणी सोडतील," मी म्हटलं. "डोळ्यानं निवडलेला माल हाय हा."

शेठनं फुटका कांदा पायानं बाजूला सारला. व्यापारी माणूस, त्याला कळतं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बरं. बस. पण ओळीत नाय. त्या मागच्या कोपऱ्यात बस, तुझा ढीग वेगळा टाकायला लावतो. पाण्याचा डबा तुझा तू आण. कुणाशी बोलायचं नाय, कुणाजवळ जायचं नाय. बायांना भ्या वाटतं. कबूल?"

काम मिळत होतं. नऊ वर्षं होते तशीच मी राहिले असते तर हात जोडून कोपऱ्यात गेले असते. पण मी कामासाठी एवढा हायवे तुडवून आले नव्हते. काम माझ्या अंगठ्यात आहे, ते कुणी घेणार नाही. मला ओळ पाहिजे होती. डाव्या हाताला माणूस, उजव्या हाताला माणूस, एकीचं ढोपर लागतंय, दुसरीचा पदर लागतोय. बस, एवढंच. कोपरा मला घरी होता की.

"नाय," मी म्हटलं. "कोपऱ्यात नाय. ओळीत."

आणि जाऊन बसले. खडखड ऐकत गेले, दोघींच्या मधे बसले. उजवीकडची वैनी होती. डावीकडं शमीमभाभी.

"अगं बाई!" कुणीतरी किंचाळलं. गोणपाटं ओढल्याचा आवाज झाला. सगळी ओळ उठली आणि सात-आठ हात पलीकडं जाऊन बसली. भाभीला पाय लवकर उचलता येईना, ती शेवटी गेली. मी मोकळ्या जमिनीवर एकटी.

मी थांबले. खडखड सुरू व्हायची वाट बघितली. झाली. उठले, काठी घेतली, तिकडं गेले, बसले.

परत उठल्या. परत गेल्या. मी परत गेले.

"हिला घालवा की कुणीतरी!" एक जण रडकुंडीला आली. पण घालवायचं म्हणजे मला धरावं लागणार, आणि धरायची कुणाची छाती नव्हती. शिवल्यानं रोग होतो ना? मग कोण शिवणार? शेठही नाही. त्या भीतीनं मला अठरा दिवस कोंडलं, आणि तीच भीती आता त्यांना मला हलवू देत नव्हती. मला हसू आलं. मी मोठ्यानं हसले, शेडच्या पत्र्यावर घुमलं.

वैनी कुजबुजली, "वन्सं, तमाशा नका करू. घरी जाऊन बोलू."

"घरी कोण बोलतंय माझ्याशी? इथंच बोल. काम बंद व्हतं ना? टेम्पो बंद व्हता ना?"

"मग काय करू मी?" तिचा आवाज चढला, साखर गेली. "तुमची जागा दुसरीनं घेतली असती ना! घरातलं घरात राहिलं. आन् तुमाला खरं सांगितलं असतं तर तुमी बसला असता का गप?"

"नसते बसले."

"मग!"

मग. एवढं सोपं. भाभीकडं तोंड केलं. "आन् तू गं? दोघी मिळून एक धड बाई ना?"

भाभी कांदे टाकत राहिली. मग म्हणाली, अगदी बारीक आवाजात, "आज आंधळीला काढलं, तिच्या बाजूनं बोलले असते तर उद्या लंगडीला काढलं असतं. मला कोण हाय माघारी?"

मला तिचा राग आला आणि तिचं पटलंही. पटलं म्हणून राग कमी झाला नाही. ती खरं बोलली एवढंच. मी तिला माफ केलं नाही, आजतागायत नाही.

चौथ्यांदा सरकल्या तेव्हा मागं भिंत लागली. पत्र्याला पाठी आपटल्या, धडधड धडधड. पलीकडं जायला जागा नव्हती. मी गेले आणि बसले, दोघींच्या मधे दाबून. वैनीचं ढोपर लागलं, भाभीची मांडी. दोघी ताठ, थरथरत होत्या. अठरा दिवसांनी माणूस माझ्या अंगाला लागत होतं, आणि त्याला माझी किळस वाटत होती. तरी मी हलले नाही.

"आता काम करा गं, दिवस चाललाय," शेठ वैतागून म्हणाला आणि बाहेर निघून गेला.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "मी उद्या येणार. परवा येणार. टेम्पोत घेतलं नाय तर चालत येणार. तुमी गप बसा नायतर बोंबला. आन् वैनी, आज मी चुलीपुढं बसून जेवणार. वाकळ आतल्या खोलीत टाकणार. तुला रोगाची भीती वाटत असंल तर मागचं छपर रिकामं हाय, तू जा तिकडं. मी पळीनं टकटक करीन."

कुणी हसलं नाही.

संध्याकाळी टेम्पोत मला कुणी हात दिला नाही. फळीला धरून मी माझी मी चढले. घरात गेले, चुलीशी बसले, भाकरीची टोपली चाचपून ओढून घेतली. दादानं आपलं ताट उचललं आणि ओट्यावर गेला. वैनी त्याच्या मागं गेली. चुलीपुढं मी एकटी जेवले.

ती साथ गेली. लोकांनी रुमाल सोडले, रोग विसरले, मला काय केलं ते तर आधीच विसरले. आता बोलतात माझ्याशी, गोड बोलतात. मी विसरत नाही. पुन्हा कधी असलं काही येईल, येणारच, तेव्हा मला कुणी येऊन सांगेल की सगळं बंद आहे, तर मी आधी रस्त्यावर जाऊन उभी राहीन आणि स्वतःच्या कानानं ऐकीन. आणि माणसं असतील तिथं जाऊन बसेन. त्यांना नको असेन, तरी बसेन. ज्याला माझ्याजवळ बसायचं नाही त्यानं ताट घेऊन बाहेर जावं.